शिकाऊ शिक्षक वर्गात काय शिकतो?

तुमच्या गावच्या शाळेत वर्षातून केव्हातरी चार-सहा तरुण मुले-मुली येतात, हे तुम्ही पाहिले असेल. कोणाच्या हातात गुंडाळलेले तक्ते, कोणाच्या काखेत जाडजूड टाचणवही, कोणाच्या पिशवीत पुठ्ठ्याचे घड्याळ, चिंचोके नि रंगीत खडू. गावात कोणी चौकशी केली तर शाळेतली मुलेच सांगतात, "डी.एड.चे सर आलेत, पाठ घ्यायला." ही मंडळी काही दिवस शाळेत असतात. मुले त्यांच्यावर खूष असतात, कारण हे नवे सर गाणी म्हणतात, चित्रे दाखवतात. आईबाप मात्र तितके खूष नसतात. "आमच्या पोरांवर हात बसवायला आलेत," असे एखादा बाप पारावर बोलून जातो.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिवणकाम शिकणाऱ्याने कापड बिघडवले तर कापडाचे पैसे भरून देता येतात. दुसरीच्या वर्गातले वाया गेलेले पंधरा दिवस मुलाला कोण भरून देणार? तेव्हा या पाहुण्यांना वर्गात का येऊ द्यायचे, ते तेथे नेमके काय शिकतात, आणि ते नीट शिकावेत म्हणून शाळेने व गावाने काय करायचे, एवढ्याच गोष्टींचा विचार येथे करू.

प्रथम ही मंडळी कोण ते पाहू. जुन्या माणसांच्या तोंडी यासाठी अजून 'ट्रेनिंग' हाच शब्द आहे. बारावीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम. पूर्वी त्याला डी.एड. म्हणत, आता कागदोपत्री डी.एल.एड. म्हणतात, लोकांच्या जिभेवर जुनेच नाव बसले आहे. हा अभ्यासक्रम करणाऱ्याला मराठीत 'छात्राध्यापक' म्हणतात. शब्द मोठा मजेदार आहे. छात्रही तोच आणि अध्यापकही तोच! राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली जे नियम केले, त्यांनुसार दोन वर्षांपैकी वीस आठवडे त्याने प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. बाकीचा काळ विद्यालयात बालमानसशास्त्र, अध्यापन-पद्धती वगैरे विषय शिकण्यात जातो.

येथे कोणी विचारील, एवढी यातायात कशासाठी? एखादा बी.ए. झालेला माणूस दुसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवू शकत नाही काय? हा प्रश्न अगदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की प्राथमिक वर्गांना शिकवायला बी.एड. ही पात्रता पुरेशी नाही. तेथे प्राथमिकचेच प्रशिक्षण घेतलेला शिक्षक हवा. म्हणजे पदवी घेऊन, वर शिक्षणशास्त्राची दुसरी पदवी घेतलेल्या माणसालाही न्यायालयाने सांगितले, की पहिली-दुसरीचे मूल ही निराळी गोष्ट आहे. कित्येकांना हा निकाल कडक वाटला. पण त्यामागचे कारण समजून घ्यायचे असेल तर कायद्याची पुस्तके उघडायला नकोत. दुसरीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून अर्धा तास बसावे.

पुण्याच्या एका पेठेतल्या शाळेत मी असाच एकदा बसलो होतो. छात्राध्यापिका वीस-एकवीस वर्षांची, हुशार, तयारी करून आलेली. विषय होता हातच्याची वजाबाकी. फळ्यावर तिने गणित लिहिले, ८४ वजा ३६. पुढच्या बाकावरच्या मुलांनी उत्तर दिले ४८. तिने शाबासकी दिली नि विचारले, "समजलं का सगळ्यांना?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो!"

हा 'हो' फार फसवा असतो. जुन्या शिक्षकांना तो चांगला ओळखता येतो. तो उत्तर नसून एक प्रकारचा नमस्कार असतो. समोरच्या माणसाने आपल्याकडून काय ऐकायचे ठरवले आहे हे मुले तत्काळ ओळखतात आणि ते देऊन मोकळी होतात. आम्ही कॉलेजातले मास्तर तर या 'हो'वरच जन्म काढतो.

या बाईंनी मात्र एक चांगली गोष्ट केली. त्या बाकांमधून फिरल्या. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाच्या पाटीवर उत्तर होते ५२. आता असे पाहा, टाचणवहीत या ५२ ला जागाच नव्हती. टाचणात फक्त बरोबर उत्तर लिहिलेले असते. बाईंनी खडूने ५२ वर फुली मारली आणि "नीट कर" म्हणून पुढे जाऊ लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीचेही ५२. तिच्या पलीकडचीचेही ५२. तिघांनी एकमेकांचे पाहिले म्हणावे, तर तिघे तीन कोपऱ्यांत होते. बाई थबकल्या. परत पहिल्या मुलापाशी गेल्या आणि त्यांनी विचारले, "हे कसं केलंस, मला सांग."

मुलाने सांगितले. सहातून चार गेले, दोन राहिले. आठातून तीन गेले, पाच राहिले. झाले बावन्न.

तुम्ही कागदावर करून बघा. एककाच्या घरात ४ मधून ६ जात नाहीत. मुलाला कोणीतरी कधीतरी सांगितलेले असते, की नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे. तो नियम त्याने इमानाने पाळला. वरचा आकडा कोणता नि खालचा कोणता, याची त्याने पर्वा केली नाही. म्हणजे त्याचे उत्तर चुकले, पण ते काही अंदाजपंचे नव्हते. त्यामागे एक रीत होती, आणि ती रीत आपणच शिकवली होती. फुली मारून 'नीट कर' म्हटल्यावर हे मूल काय करील? तीच रीत पुन्हा लावील आणि पुन्हा ५२ आणील. मग आपण त्याला 'ढ' म्हणू.

पदवीधर माणसाला ८४ मधून ३६ गेले तर किती राहिले, हे माहीत असते. मुलाच्या हातून ५२ कसे येतात, हे त्याला माहीत नसते. ही माहिती कोणत्याही पदवीच्या पुस्तकात सहजी मिळत नाही. ती वर्गात, पाटीवर, मुलाच्या तोंडून मिळते. छात्राध्यापक वर्गात काय शिकतो, याचे माझ्यापुरते उत्तर हेच आहे.

दुसऱ्या दिवशी बाई काड्या घेऊन आल्या. खेड्यात ज्वारीच्या ताटाच्या काड्या फुकट मिळतात, शहरात झाडूचे हीर चालतात. दहा-दहा काड्यांचे आठ गठ्ठे आणि चार सुट्या काड्या तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "यातून मला छत्तीस दे." मुलाने तीन गठ्ठे काढून दिले. मग सहा सुट्या द्यायच्या, तर हाताशी चारच. त्याने बाईंकडे पाहिले. बाई गप्प. (गप्प राहणे हे नव्या शिक्षकाला सगळ्यांत अवघड जाते.) थोड्या वेळाने मुलाने आपण होऊन एका गठ्ठ्याचा दोरा सोडला. आता त्याच्याकडे सुट्या चौदा झाल्या, त्यांतल्या सहा त्याने दिल्या. उरले चार गठ्ठे नि आठ काड्या. 'दशक मोडणे' म्हणून जे पुस्तकात लिहिलेले असते ते त्याने हाताने मोडले. मग बाईंनी फळ्यावर ५२ आणि ३६ यांची बेरीज करायला सांगितली. ती ८८ आली. "आपल्याकडे काड्या तर चौऱ्याऐंशीच होत्या," असे मागून कोणीतरी ओरडले. आपले उत्तर चुकले की नाही हे बाईंना न विचारता तपासता येते, हेही त्या दिवशी वर्गाला समजले.

आकड्यांचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती साऱ्या महाराष्ट्रात गाजली. मुलाला 'त्रेपन्न' लिहायला सांगा. पुष्कळ मुले ३५ लिहितात. 'सत्तेचाळीस' सांगा, ७४ लिहितात. का? मराठीत आपण आधी एकक बोलतो आणि मग दशक. त्रे-पन्न, सत्ते-चाळीस. लिहिताना मात्र डावीकडून आधी दशक लिहायचा. मूल कानाने ऐकते त्या क्रमाने लिहिते. त्यात 'एकोणसाठ'सारखे शब्द आले, की गोंधळात भर. शब्दात साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पन्नास नि नऊ! शिवाय चौऱ्याण्णव, सत्त्याऐंशी अशी जोडाक्षरे. ज्याला अजून साधी अक्षरे लागत नाहीत त्याने हे वाचायचे कसे?

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीस या रूढ शब्दाबरोबर 'वीस सात' असेही वाचन दिले. त्यावर केवढे रान उठले, ते तुम्हांला आठवत असेल. मराठी बुडाली म्हणून लेख आले, विधिमंडळातही विषय निघाला, थट्टा झाली. गणित विषयाच्या समितीच्या प्रमुख होत्या पुण्याच्या मंगला नारळीकर. २०२३ साली त्या गेल्या. त्यांनी शांतपणे सांगितले, की जुने शब्द काढून टाकलेले नाहीत. जोडाक्षरांच्या अडचणीमुळे ज्या मुलांना संख्येची भीती बसते, त्यांच्यासाठी ही एक पायरी आहे. त्यांचा उपाय पटो वा न पटो, त्यांचे निदान वर्गातून आलेले होते. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या मुलाला त्रेपन्न लिहायला सांगून पाहिले होते, कोण जाणे.

आता पुण्यातल्या महापालिकेच्या शाळांतून छात्राध्यापकाला आणखी एक धडा मिळतो. पुण्यात बांधकामावर काम करायला सोलापूर, लातूरकडून, कर्नाटकातून, उत्तरेकडूनही कुटुंबे येतात. त्यांची मुले याच शाळांत येतात. कानडी घरातले मूल सत्तावीसला 'इप्पत्तेळु' म्हणते, म्हणजे शब्दशः वीस-सात. त्याच्या भाषेत दशक आधीच आहे! जर्मन लोक आपल्यासारखे एकक आधी बोलतात, हे आम्ही पुस्तकात वाचतो. पण शेजारच्या कानडी मुलाची भाषा या बाबतीत सोपी आहे, हे वर्गात त्या मुलाकडून कळते. 'मराठी येत नाही' म्हणून ज्याला मागे बसवले, त्याच्याकडून उजळणीचे एक वर्म बाईंना सापडावे, हे काही थोडे नव्हे.

आता टाचणवहीविषयी. पाठाचे टाचण काढणे ही आवश्यक गोष्ट आहे. उद्या काय शिकवायचे याचा विचार आज न करणारा शिक्षक वर्गात केवळ वेळ काढतो. पण टाचणाचा एक साचा बनला आहे. हर्बार्ट नावाचा एक जर्मन तत्त्वज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. त्याच्या शिष्यांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरवल्या. आपल्याकडे ट्रेनिंग कॉलेजांतून ती 'हर्बार्टची पंचपदी' म्हणून पिढ्यान् पिढ्या घोकली गेली. तिचा मूळ हेतू चांगला होता. मुलाला जे ठाऊक आहे तेथून सुरुवात करावी, असे तिचे म्हणणे. पण साचा झाला की हेतू गळून पडतो. मग सुरुवातीच्या प्रश्नांचे काम एवढेच उरते, की फिरवून फिरवून मुलांच्या तोंडून पाठाचे नाव काढून घ्यायचे.

समजा, पाठ पावसाचा आहे. टाचणात पहिला प्रश्न लिहिलेला आहे, "पाणी कोठून येते?" अपेक्षित उत्तर, "ढगातून." पुण्याच्या उपनगरातले मूल काय सांगते? "टँकरमधून." शिकाऊ शिक्षक म्हणतो, "नाही, दुसरं कोण सांगतो?" दुसरा सांगतो, "नळातून." तिसरा, "खडकवासल्यातून." शिक्षकाच्या कपाळावर घाम, मागे तपासायला बसलेले प्राध्यापक वहीत शेरा लिहिताहेत, आणि ढग काही येत नाही! शेवटी तोच म्हणतो, "पाणी ढगातून येतं," आणि मुलांना कळते, की टँकर म्हणणे चूक होते. वास्तविक ते चूक कोठे होते? "टँकरमध्ये कुठून येतं?" एवढे विचारले असते, तर टँकर, विहीर, धरण, नदी, पाऊस असे करीत मुलेच ढगापर्यंत जाऊन पोचली असती. तुमच्या दुष्काळी गावात तर हा पाठ घ्यायला पुस्तकही नको.

दोन-तीन आठवड्यांत ज्या छात्राध्यापकाला टाचण बाजूला ठेवून 'टँकर' या उत्तराच्या मागे जाण्याचे धैर्य येते, तो शिक्षक होण्याच्या वाटेवर आहे असे समजावे. जो ढगाचीच वाट पाहत राहतो, त्याचा पाठ तपासनिसाला नीटनेटका दिसेल. पण तो पुढची तीस वर्षे तसाच शिकवील.

मुलाच्या घराकडे पाहणारा शिक्षक हवा, ही मागणी नवी नाही, आणि ती पुण्यातूनच झालेली आहे. जोतीराव फुले यांनी १८४८ साली बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपण सगळे जाणतो. त्यांना ती स्फूर्ती झाली ती अहमदनगरला जाऊन मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा डोळ्यांनी पाहिल्यावर. सावित्रीबाई आधी स्वतः शिकल्या आणि मग शिकवू लागल्या. पुढे १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमले, तेव्हा जोतीरावांनी त्याच्यापुढे एक निवेदन दिले. ते प्रत्येक अध्यापक विद्यालयात भिंतीवर लावण्यासारखे आहे. बारा वर्षे वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यात आहेच. पण शिक्षकाविषयी ते काय म्हणतात पाहा. शिक्षक प्रशिक्षित असावा, तो होता होईल तो शेतकरीवर्गातून आलेला असावा. वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये. आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या लोकांत त्याने सहज मिसळावे. त्याच्या प्रशिक्षणात शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती असावी. त्याला पगार दरमहा निदान १२ रुपये द्यावा, मोठ्या गावात १५ ते २०. आणि तपासनिसांनी वर्षातून एकदा येण्याऐवजी दर तीन महिन्यांनी यावे, शिवाय एरवीही आगाऊ न कळवता यावे! दिखाऊ पाठांचा रोग त्या वेळीही होता आणि त्यावरचे औषधही जोतीरावांना ठाऊक होते, असे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण अनुताई वाघ यांचे. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावी १९१० साली त्या जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीपुढे काय वाढून ठेवलेले असे, ते सांगायला नको. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, खेड्यात नोकरी केली, मग पुण्यात हुजूरपागेत अकरा वर्षे शिकवले. म्हणजे १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ताराबाई मोडक यांच्याकडे गेल्या, तेव्हा त्या मुरलेल्या शिक्षिका होत्या. तरी तेथे त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. बालशाळा काढली, पण वस्तीतली मुले शाळेत येईनात. का येईनात? पाहायला गेल्यावर समजले, की मूल घर सोडू शकत नाही, धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, आईबाप कामाला जातात. मग शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर बोलला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुले गुरे चारायला जात, म्हणून गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरवली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. माँटेसरीबाईंची महाग साधने कोठून आणायची? त्यांची जागा खडे, शिंपले, पाने, बिया यांनी घेतली. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यापाशी बालशिक्षणाचे काम केलेले होते. अनुताईंच्या पाठीशी वर्गातला अनुभव होता. तरीही कोसबाडची मुले काय करू शकतात नि काय करू शकत नाहीत, हे त्यांना कोसबाडच्या मुलांनीच शिकवले.

हे सगळे ऐकायला बरे वाटते; पण प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी काय चालते? पाठ 'उरकले' जातात. एका दिवसात दोन-तीन. गावात विद्यालय निघते, इमारत असते, फलक असतो. सरावासाठी जवळ शाळा आहे की नाही, मार्गदर्शन करायला माणसे आहेत की नाहीत, हे कोणी पाहत नाही. महाराष्ट्रातल्या नव्या डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद असाच सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्या आयोगाने २०१२ साली सबंध देशातल्या शिक्षक-प्रशिक्षणाविषयी अहवाल दिला. म्हणजे देशाला या प्रश्नाकडे पाहायला लावले ते आपल्या राज्यातल्या दुखण्याने. याचा अभिमान धरण्याचे कारण नाही. त्या काळात हजारो मुलामुलींनी शेत विकून, कर्ज काढून डी.एड. केले, आणि पुढे कैक वर्षे नोकरी नाही. त्यांना दोष देता येत नाही. पण ज्यांना नोकरी मिळाली, त्यांच्यापैकी कितीकांना वर्गात बसून मुलाची पाटी पाहण्याची सवड मिळाली होती?

आता शाळेने काय करायचे? वर्गशिक्षकांना एक विनंती आहे. छात्राध्यापक आले, की आपली कागदांची थकलेली कामे उरकायला बरे पडते, हे मी समजू शकतो. सर्वेक्षणे, निवडणुका, माहिती भरणे यांतून तुम्हांला उसंत नसते. तरीपण दिवसातून एक तासिका मागे बसा. त्याच्या टाचणातले व्याकरण तपासू नका. ते तपासायला त्याचे प्राध्यापक आहेत. तुम्हांला जे ठाऊक आहे ते त्यांना ठाऊक नसते. कोणते मूल सकाळी उपाशी येते, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही पण ते सांगत नाही, कोण उत्तर येत असूनही हात वर करीत नाही, हे त्या नवख्याच्या कानात सांगा. त्याला पहिल्या दोन दिवसांत एकही पाठ न देता नुसते मुलांशेजारी बसू द्या. आणि तुमच्या शाळेत दोन शिक्षक नि चार वर्ग असतील, तर तुम्ही एका खोलीत दोन इयत्ता कशा सांभाळता हे त्याला अवश्य दाखवा. त्याच्या विद्यालयात एका वेळी एकच इयत्ता असते. नोकरी मात्र त्याला बहुधा तुमच्यासारख्याच शाळेत लागणार आहे.

शिक्षण हक्काच्या कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. तीस मुलांतून त्या ५२ वाल्यांना शोधून त्यांच्यापाशी बसणे एकट्या शिक्षकाला रोज जमत नाही. येथे छात्राध्यापक उपयोगी पडतो. पारावरच्या त्या बापाला माझे हेच सांगणे आहे. दसऱ्यानंतर तुमच्या गावातली काही कुटुंबे ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. त्यांची मुले वर्गात येतात ती तीन-चार महिने मागे पडून. वर्ग पुढे गेलेला असतो, गुरुजी थांबू शकत नाहीत. अशा दोन-तीन मुलांना घेऊन व्हरांड्यात काड्यांचे गठ्ठे सोडीत बसायला शाळेत एक माणूस जास्त आहे, आणि तो शिकायला आलेला आहे. त्याला चहाला घरी बोलवा. तुमच्या मुलाच्या घरी काय बोलतात, काय पिकते, कोण लवकर उठते, हे त्याला पाहू द्या. म्हणजे पाऊस शिकवताना तो ढगावर अडून बसणार नाही.

आणि छात्राध्यापकांना एक बारीकशी सूचना. टाचणवहीचे उजवे पान तुम्ही लिहून आणताच. डावे पान कोरे ठेवा. पाठ झाल्यावर, घंटा आणि पुढची तासिका यांच्या मध्ये जी चार मिनिटे मिळतात त्यांत, त्या पानावर मुलांनी दिलेली न ठरवलेली उत्तरे लिहा. "८४ वजा ३६, तिघांचे ५२, मोठ्यातून लहान." "त्रेपन्न म्हणजे ३५, पाच जण." "पाणी टँकरमधून." शेजारी उद्या काय करून पाहणार ते एका ओळीत. चार आठवड्यांनी ही डावी पाने ओळीने वाचून काढा, आणि जमल्यास वर्गशिक्षकांनाही वाचायला द्या. प्राध्यापकांनी मात्र या पानांना गुण ठेवू नयेत. नाहीतर तीही पाने आदल्या वर्षीच्या वह्यांवरून उतरून घेतली जातील.